नावं वाचायची नाहीत

विहीर ढासळली ती ऐन उन्हाळ्यात, म्हणजे विहिरीने असले चाळे करायचे नसतात नेमक्या त्याच दिवसांत. उत्तरेच्या अंगाचे दगड सुटले, त्यांच्यामागची माती बसली आणि तळाशी उरलेल्या गुडघाभर पाण्याचा नुसता राडा झाला. मळ्यात कोबी उभा होता, टोमॅटोला नुकता रंग येत होता. दोन दिवसांत पानं अशी मलूल पडली की बाबा त्या बाजूला बघायचंच टाळू लागले.

बाबांच्या पोटाचं ऑपरेशन झालेलं, वजन उचलायला डॉक्टरांची सक्त मनाई. घरात दुसरी माणसं म्हणजे आत्या आणि थोरली. आत्या बाबांची विधवा बहीण. तिचं तोंड सोडलं तर बाकी सगळे अवयव थकलेले. थोरली म्हणजे बाबांची मोठी मुलगी, वय चौतीस. धाकटी लग्न होऊन सासरी गेली त्याला सहा वर्षं झाली, घरात आता थोरली-धाकटी करायला कोणी उरलं नव्हतं, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच.

"रहाट कोण फिरवणार?" बाबांनी विचारलं.

"मी फिरवीन," थोरली म्हणाली.

"तू?"

"मग काय आत्या फिरवणार?"

"मला बाई मध्ये ओढू नका," आत्या म्हणाली. "मी दोराचं टोक धरून बसेन. ते माझ्याच्याने होईल."

तिसऱ्या दिवशी विहीरवाला आला. सायकलच्या मागे दोराचं वेटोळं, पहार, कुदळ आणि कपड्यांची एक पिशवी. चाळिशीच्या आसपासचा, खांदे रुंद, पाय काटकुळे. बायको चार वर्षांपूर्वी आजारात गेलेली, मूलबाळ नाही, म्हणजे ओझं कसलं नाही, असं लोक म्हणत. जिथे विहीर तिथे तो राहायचा. शहरवजा त्या गावात त्याने गिरणीमागे एक खोली भाड्याने घेतली आणि पहिल्याच रविवारी चर्चमध्ये येऊन दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसला. बोलायचा इतकं कमी की आत्याने त्याला दोन दिवस मुकाच समजून हातवारे केले.

कामाची रीत त्याने थोरलीला पहिल्याच दिवशी सांगितली. दोराला एक हिसका म्हणजे थांब. दोन म्हणजे ओढ. खाली माणूस असताना काठावर धावायचं नाही, काठावर काही ठेवायचं नाही, आणि रहाटाची खुंटी अडकवल्याशिवाय हात सोडायचा नाही.

"विसरले तर?" थोरलीने विचारलं.

"तर मी खाली असेन," तो म्हणाला.

मग सुरू झालं ते पाच आठवडे चाललं. सकाळी उजाडलं की तो फळीवर बसायचा, थोरली त्याला हळूहळू खाली सोडायची. मग बादलीमागून बादली गाळ वर. पहिल्या आठवड्यात तिच्या तळहातांना फोड आले, दुसऱ्यात फुटले, तिसऱ्यात कातडी अशी निबर झाली की चहाचा गरम पेला तिला नुसत्या हाताने धरता येऊ लागला. पाठ दुखायची ती वेगळीच. बादली वर आली की ती काठावर ओढून घ्यायची, उलटी करायची, रिकामी खाली सोडायची. गाळाचा ढीग कमरेएवढा झाला, मग खांद्याएवढा. त्याचा वास तिच्या केसांत बसला. आत्या म्हणायची, घरात एकच विहीरवाला पुरे होता.

विहिरीची एक गंमत होती. वर बोललेलं खाली स्पष्ट ऐकू जायचं, अगदी कुजबुजलेलंसुद्धा. आत्या काठावर बसून शेजाऱ्यांच्या सुनेची उणीदुणी काढत होती तेव्हा खालून एकदम आवाज आला, "कोणती सून? मोठी की मधली?" आत्याने जीभ चावली, थोरलीला हसू आवरेना, आणि खालूनही हसण्याचा आवाज आला. मुका नाही, हे आत्याला त्या दिवशी पुरतं पटलं.

खरं तर तो खाली गेला की बोलका व्हायचा. वर आला की पुन्हा तोंडाला कुलूप. वर थोरलीला तो 'तुम्ही' म्हणायचा, आणि खाली गेल्यावर कधी 'तू' म्हणायला लागला ते त्याचं त्यालाही कळलं नसावं. थोरलीचंही तसंच झालं. समोर माणूस नाही, नुसता काळा गोल आणि त्यातून येणारा कुदळीचा ठोका, अशा वेळी बोलणं सोपं जातं. एका दुपारी आत्या झोपायला गेली होती. थोरलीने रहाटाची खुंटी अडकवली, काठावर बसली आणि आठ वर्षांत कोणालाच न सांगितलेली गोष्ट तिने विहिरीत सांगून टाकली.

गोष्ट गावाला माहीत होतीच, फक्त तिच्या तोंडून कोणी ऐकली नव्हती. त्यांच्या चर्चमध्ये लग्नाआधी तीन रविवार नावं वाचतात, मुलाचं आणि मुलीचं, आणि कोणाची हरकत असेल तर कळवावी असं पाळकसाहेब विचारतात. थोरलीचं नाव एका शाळामास्तराच्या नावाबरोबर तीन रविवार वाचलं गेलं होतं. कोणाची हरकत नव्हती. हरकत निघाली ती नवऱ्या मुलाचीच, आणि तीही लग्नाच्या सकाळी, चार ओळींच्या चिठ्ठीत.

"मी पांढरा पोशाख घालून पाळकांच्या खोलीत बसले होते," थोरली म्हणाली. "दोन तास. बाहेर लोकांना कळेना की जायचं की थांबायचं. मला सगळ्यांच्या चपलांचे आवाज येत होते. कोणी एक शब्द वाईट बोललं नाही रे. सगळे इतके चांगले वागले की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्या चर्चच्या खजिनदारकाकूंनी सकाळी माझ्या केसांत फुलं माळली होती. त्यांनीच मग एकेक पिन काढली. म्हणाल्या, जाऊ दे गं."

खाली कुदळ थांबली होती.

"तेव्हापासून चर्चमध्ये कोणाचीही नावं वाचायला लागले की माझ्या कानांना आग लागते. धाकटीची वाचली तेव्हा तीनही रविवार मला ताप आला. खोटा."

"मग काय केलंस?"

"काय करणार? घरी पडून राहिले. आत्याने काढे पाजले. कडू."

खाली कुदळ पुन्हा सुरू झाली. मग तो खालून म्हणाला, "बादली सोड." तिने सोडली. त्याने तिचं सांत्वन केलं नाही, आणि त्याबद्दल तिला इतकं बरं वाटलं की त्या संध्याकाळी ती दोन पोळ्या जास्त जेवली.

चौथ्या आठवड्यात नवा झरा लागला. बोटाएवढा, पण थंड आणि नितळ. थोरलीने दोन बादल्या वर काढून, शेजाऱ्यांकडच्या घागरींवर कशाबशा जगवलेल्या टोमॅटोच्या ओळीला घातल्या. परत आली तेव्हा तो खालून म्हणाला, "एक विचारायचंय. वर आलो की विचारता येणार नाही मला, म्हणून इथूनच विचारतो."

"विचार."

"माझ्याशी लग्न करशील?"

थोरलीने काठाचा दगड दोन्ही हातांनी धरला. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं हसू. जन्मात पहिल्यांदा कोणी तिला तीस फूट खालून मागणी घालत होतं.

"हो," ती विहिरीत वाकून म्हणाली, आणि विहिरीने ते 'हो' पुन्हा म्हणून दाखवलं.

मग तिला ते तीन रविवार आठवले. "पण एक आहे. नावं वाचायची नाहीत."

खालून नुसता कुदळ ठेवल्याचा आवाज आला.

"ऐकलंस का? नावं वाचायची नाहीत. मला नाही सहन होणार ते."

"बरं," तो म्हणाला. "दोर ओढ."

पाळकसाहेब वयस्क होते आणि त्यांना घाई कशाचीच नसायची. त्यांनी सांगितलं की बिशपांची परवानगी मिळाली तर नावं न वाचता लग्न लावता येतं, पण अर्जात कारण लिहावं लागतं. "कारण काय लिहू?" त्यांनी विचारलं. थोरली खाली बघत राहिली. पाळकांनी मग आपणहून 'कौटुंबिक' असं लिहिलं, खाली दोघांच्या नुसत्या सह्या घेतल्या आणि कागदाची घडी घातली. विहीरवाला शेजारी उभा होता. दाराबाहेर पडल्यावर तो एवढंच म्हणाला, "माझी लाज वाटते म्हणून नाही ना?"

"वेडा आहेस का?" थोरली म्हणाली. त्याने मान हलवली आणि सायकलवर टांग टाकली.

परवानगी येईपर्यंत कोणाला कळू द्यायचं नाही असं ठरलं होतं. पण गाव ते गाव. गुरुवारी दुपारी खजिनदारकाकू टोमॅटो घ्यायच्या निमित्ताने थेट विहिरीवर आल्या. चर्चच्या खजिनदारांची बायको म्हणून त्या खजिनदारकाकू, पण जमाखर्च त्या माणसांचा ठेवायच्या. त्यांना बघताच थोरलीच्या डोक्यात ती सकाळ उभी राहिली आणि टाळूवर एकेक पिन निघाल्यासारखं झालं.

"काय गं, खरं का ऐकते ते?"

"काय काकू?"

"तू आणि तो विहीरवाला."

थोरली 'हो' म्हणू शकली असती. एका अक्षराचा तर प्रश्न होता. पण काकूंच्या तोंडावर तीच माया होती, आठ वर्षांपूर्वीची, आणि त्या मायेला ती सापाला भ्यावं तशी भ्यायची. उद्या हाही गेला तर? मग परत याच येणार, याच म्हणणार, जाऊ दे गं.

"काहीतरीच काय काकू," ती म्हणाली. "कामाला आलेला माणूस तो. काम झालं की जाईल."

"मीही तेच म्हटलं. एवढी शिकलेली मुलगी आपली."

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण खोटं बोलणाऱ्याला वाटतं की थोडं जास्त बोललं म्हणजे ते खरं दिसेल.

"नखातला चिखल जात नाही हो त्याच्या," थोरली हसून म्हणाली. "चर्चमध्ये सगळ्यांसमोर असल्या माणसाचं नाव माझ्या नावाशेजारी लावून घेऊ होय मी?"

काकूही हसल्या. त्यांनी दोन किलो टोमॅटो निवडून घेतले, दाबून दाबून, आणि गेल्या. फाटक वाजलं. कोंबड्या पुन्हा गाळाच्या ढिगावर चढल्या. थोरली रहाटाकडे वळली आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की कुदळीचा आवाज येत नाहीये. कधीपासून येत नाहीये ते तिला आठवेना.

पाच आठवडे ती त्या काठावर उभी होती. तिथलं अक्षर न् अक्षर खाली पोचतं यावर दोघं कितीदा हसली होती. आणि तीच विसरली.

दोराला दोन हिसके बसले.

तिने रहाट फिरवायला घेतला. इतका जड तो तिला कधीच लागला नव्हता. आधी त्याचं डोकं वर आलं, मग खांदे, मग मांडीवर ठेवलेले हात. त्याने काठाला पाय लावला, उतरला, आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "कप्पीला तेल घाला. आवाज करतेय."

मग तो हौदाकडे गेला. विटेचा तुकडा घेऊन तो नखं घासू लागला. एकेक बोट, दोन्ही बाजूंनी, शांतपणे, जणू तेही दिवसाच्या कामातलंच एक काम. थोरली बघत राहिली. करंगळीतून रक्त आलं तेव्हा त्याने ते बोट पाण्यात बुडवलं आणि पुढचं घासायला घेतलं. तिला वाटलं, आत्ता जावं आणि त्याचा हात धरावा. पण कोणत्या तोंडाने जायचं? ती तिथेच खांबासारखी उभी राहिली, आणि तो सायकल घेऊन निघून गेला.

त्या संध्याकाळी तिला जेवण गेलं नाही. शाळामास्तराने निदान चिठ्ठी तरी लिहिली होती. चार ओळी का होईना, तिच्या नावाने. आपण तर भाजी विकता विकता, हसत हसत, त्या माणसाला टाकलं. आठ वर्षं जी लाज वागवली ती आपली नव्हतीच, दुसऱ्याने केलेल्या गोष्टीची होती. ही मात्र पुरती आपली आहे, असं तिला वाटलं, आणि तिने तोंडावर उशी दाबून घेतली.

शुक्रवारी तो वेळेवर आला. वरची कड बांधायची राहिली होती. तो उतरल्यावर थोरली काठावर वाकली.

"काल जे बोलले ते..."

"खरंच बोललात तुम्ही," खालून आवाज आला. "चिखल आहेच. दगड सोडा."

खालून 'तुम्ही' आलं आणि थोरलीने दगड दोराला बांधला. दिवसभर ती दगड खाली सोडत राहिली आणि तो रचत राहिला, आणि कामापलीकडे एक शब्द झाला नाही. आत्या दोनदा या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघून गेली. तिसऱ्यांदा तिच्याने राहवलं नाही.

"काय गिळून बसलात दोघं?"

"काही नाही," थोरली म्हणाली.

"माझे कान गेलेत, डोळे नाहीत," आत्या म्हणाली. खरं तर तिचे कानही शाबूत होते.

शनिवारी दुपारी काम संपलं. विहिरीत पुरुषभर पाणी होतं. बाबांनी त्याचे पैसे चुकते केले आणि हात हातात घेऊन खूप वेळ सोडले नाहीत. तो दोर गुंडाळत होता तेव्हा थोरली तडक पाळकांकडे गेली.

पाळकसाहेब व्हरांड्यात बसून चष्म्याची काडी दोऱ्याने बांधत होते. "बरं झालं आलीस," ते म्हणाले. "बिशपांचं पत्र आलंय. परवानगी मिळाली. पण परवा रात्रीच तो येऊन गेला. पत्र आलं तर फाडून टाका म्हणाला."

"फाडलंत?"

"मी कागद फाडत नाही. वयोमान. काय झालं तुमचं?"

थोरलीने सांगितलं. नखाचं सांगताना ती आपल्या निबर तळहातांकडे बघत राहिली. पाळकांनी चष्मा बांधायचा थांबवला.

"उद्या आमची नावं वाचा," ती म्हणाली.

"अशी कशी वाचू? मुलाने नको म्हटल्यावर? उद्या उपासनेला येईन म्हणालाय, मग दुपारच्या गाडीने जाणार. दुसऱ्या गावी विहीर बघितलीय त्याने."

"मग मी काय करू?"

पाळकांनी थोडा विचार केला. "काकूंजवळ जे बोललीस ते चौघांत पसरलंय बाळ. मी माझ्या कानांनी ऐकलं गिरणीवर. त्यानेही तिथे पुन्हा ऐकलं असणार. आता एकट्याजवळ माफी मागून भागायचं नाही, एवढं मला दिसतं. पुढचं तू बघ."

रविवारी थोरली पहिल्या गीताच्या आधी चर्चमध्ये जाऊन बसली. आत्या तिच्या एका बाजूला, बाबा दुसऱ्या. तो आला, नेहमीच्या शेवटच्या बाकावर बसला. सायकल बाहेर होती, मागे दोर बांधलेला. थोरलीला प्रार्थनेतलं काही कळलं नाही. सूचनांची वेळ झाली. पाळकांनी स्त्रियांच्या सभेची वेळ वाचली, कोणाच्या तरी आजारपणाचं सांगितलं, आणि चष्म्यावरून एकदा सगळीकडे बघितलं.

थोरली उठून उभी राहिली.

"खाली बस," आत्या दातांतून म्हणाली आणि तिने तिचं मनगट धरलं. थोरलीने ते सोडवून घेतलं.

"मला एक सांगायचंय," ती म्हणाली. आवाज चिरका निघाला. लोक वळून बघू लागले. आठ वर्षं ती ज्या नजरा चुकवत होती त्या सगळ्या एकदम तिच्यावर येऊन पडल्या. "गुरुवारी आमच्या विहिरीवर मी खजिनदारकाकूंशी खोटं बोलले. विहीर दुरुस्त करायला आलेल्या माणसाने मला मागणी घातली होती आणि मी हो म्हटलं होतं. आनंदाने म्हटलं होतं. काकूंनी विचारलं तेव्हा मी ते नाकारलं, आणि वर त्याच्या हातांना हसले. तो खाली होता. त्याने सगळं ऐकलं."

कोणीतरी खोकलं. खजिनदारकाकूंनी गीतांचं पुस्तक उघडून त्यात तोंड घातलं.

"त्या हातांनी आमचं घर जगवलं," थोरली म्हणाली. "मला पुन्हा कोणी टाकेल या भीतीने मीच त्याला टाकलं. मी त्याची माफी मागते. माझं बोलणं सगळ्यांत पसरलं, म्हणून सगळ्यांसमोर मागते."

यापुढचं तिने काही ठरवलेलं नव्हतं. ती उभीच राहिली. कानशिलं पेटली होती आणि मागे वळून बघायचं धैर्य होत नव्हतं.

मागचा बाक करकरला.

"पाळकसाहेब," विहीरवाल्याचा आवाज आला. जमिनीवर उभं राहून चार लोकांत बोलायची त्याला सवय नव्हती, शब्द अडखळत होते. "ते पत्र. त्याचं काय?"

"आहे माझ्याकडे. परवानगी आहे. नावं वाचायची गरज नाही."

"मग तसं नको." तो थांबला. "चोरून नको मला. लग्न करायचं तर सगळ्यांसारखं. तिन्ही रविवार." आणि मग, पहिल्यांदाच थेट थोरलीला, "पण लाज वाटत असेल तर राहू दे. मी रागावणार नाही. गाडीला वेळ आहे अजून."

थोरली वळली. तो उभा होता. नवा सदरा, आणि हात मागे लपवलेले.

"वाटते," ती म्हणाली. "खूप वाटते. तरी वाचा."

पाळकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग वहीतलं पान उलटून त्यांनी त्याला वडिलांचं नाव विचारलं, गाव विचारलं, आणि तो सांगेल तसं सावकाश लिहून घेतलं. थोरलीला ही दोन्ही नावं त्या क्षणी पहिल्यांदा कळली. पाच आठवडे ती त्याला दोरावर खालीवर करत होती आणि तिने कधी विचारलंसुद्धा नव्हतं. त्याचीही तिला लाज वाटली.

मग पाळकांनी वाचलं. आधी त्याचं नाव, पुरं. मग तिचं. लग्नाला कोणाची हरकत असेल तर आत्ता सांगावी, असं म्हणून ते थांबले, आणि त्यांची थांबायची रीत अशी की माणसाला आपला जन्म आठवावा.

थोरली खाली बसली नाही, बाहेरही गेली नाही. बाबांचा हात तिच्या कोपराशी आला. कोणी बोललं नाही.

"पहिल्यांदा वाचलं," पाळक म्हणाले आणि त्यांनी वही मिटली.

अजून दोन रविवार राहिले होते.